उरलेल्या दृष्टीची राखण

मागील एका अंकांत मोतीबिंदूवर चार शब्द लिहिल्यापासून काचबिंदूविषयीं विचारणा करणारीं पत्रें येऊं लागलीं. त्यांतील एक पत्र येथूनच, आमच्या कळमनुरींतील एका सुनेनें लिहिलेलें आहे. तिच्या सासऱ्यांस काचबिंदु झाल्याचें पांच वर्षांपूर्वीं कळलें. तेव्हांपासून डोळ्यांत थेंब घालणें चालू आहे, हिंगोलीस जाऊन तपासणीही होते, आणि दाब 'ठीक' असल्याचें प्रत्येक वेळीं सांगण्यांत येतें. तरीही उजव्या डोळ्याची नजर ओसरतच चालली आहे. "औषध चालू असतां मामंजींचा रोग पुढें कां जातो? आम्हां घरच्यांचें कोठें चुकतें काय?" असें ती विचारते. प्रश्न नेमका आहे, आणि दुसरें वाक्य वाचतांना मन थोडें कालवलें. मी वैद्य नव्हे. परंतु वाचून आणि जाणत्या नेत्रवैद्यांस विचारून जें खात्रीचें कळलें तें येथें मांडतों.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर करूं. आपल्या प्राचीन वैद्यकांत 'काच' ही संज्ञा आहे, पण ती तिमिर नामक विकाराच्या पुढल्या पायरीची. आज आपण ज्यास काचबिंदु म्हणतों तो रोग तिनें सांगितलेला नाहीं. आजच्या रोगाच्या तीव्र प्रकाराशीं जुळणारें वर्णन सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत 'अधिमंथ' या नांवाखालीं येतें, असें बऱ्याच अभ्यासकांचें मत आहे. अरणीनें घुसळावें तशी डोळ्यांत वेदना, अर्धें मस्तक ठणकणें, आणि हयगय झाल्यास थोडक्या रात्रींत दृष्टिनाश. कोणत्या दोषाचा अधिमंथ किती रात्रींत दृष्टि नेतो, याचा हिशेबसुद्धां तेथें दिला आहे. त्या श्लोकांत 'मिथ्याचार' असा एक शब्द पडला आहे. चुकीच्या आचरणानें हा रोग बळावतो ही जाण त्या काळींही होती, एवढें त्यावरून दिसतें. मात्र सुनेच्या पत्रांतील रोग हा या ठणकणाऱ्या जातीचा नाहीं. तो मुका आहे, आणि म्हणूनच अधिक फसवा.

डोळ्याच्या आंत एक स्वच्छ पाणी अखंड पाझरत असतें, आणि बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यांतील सूक्ष्म चाळणींतून तें निघून जातें. येणें-जाणें यांचा मेळ बिघडला म्हणजे आंतील दाब चढतो. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टितंतूंत दहा लाखांच्या आसपास धागे असतात. त्यांवर हा ताण पडून ते एकामागून एक मरूं लागतात. मोतीबिंदूंत भिंग गढूळ होतें, तें काढून दुसरें बसवितां येतें. येथें तारच तुटते, आणि तुटलेली तार जोडण्याची विद्या अजून कोणास साधलेली नाहीं. शिवाय दृष्टि कडेनें जाते, मध्य पुष्कळ काळ शाबूत राहतो. वर्तमानपत्र नीट वाचणारा मनुष्य दाराच्या चौकटीस खांदा आपटूं लागतो, ताटाच्या डाव्या अंगास वाढलेली चटणी त्यास दिसत नाहीं, आणि घरचीं माणसें म्हणतात, "यांचें लक्षच कोठें नसतें."

म्हणून काचबिंदूंत बरे होण्याचा प्रश्न नसून उरलेली दृष्टि राखण्याचा प्रश्न आहे. ती कोणाची टिकते व कोणाची झपाट्यानें जाते, याचा कसून शोध गेल्या तीस-चाळीस वर्षांत झाला. त्यांतील एक प्रयोग स्वीडन देशांतील माल्मो व हेल्सिंगबोर्ग या गांवीं १९९३ सालापासून झाला. नुकताच रोग कळलेले २५५ रोगी घेतले. निम्म्यांस उपचार दिले, निम्म्यांस नुसते नजरेखालीं ठेविले. सुमारें सहा वर्षांनंतर, २००२ सालीं निकाल बाहेर आला. ज्यांस उपचार नव्हते त्यांपैकीं शेंकडा ६२ जणांचा रोग पुढें गेला होता. आणि ज्यांस उपचार मिळाले त्यांपैकींही शेंकडा ४५ जणांचा. हा दुसरा आंकडा त्या सुनेनें दोनदां वाचावा. उत्तम देखरेखीखालीं औषध घेणाऱ्यांतही इतक्यांचा रोग थोडाबहुत पुढें सरकतो. तेव्हां प्रत्येक ठिकाणीं घरच्यांचा दोष शोधण्याचें कारण नाहीं. परंतु उपचारांनीं फरक पडतो हेंही त्याच निकालांत आहे, आणि तो कोठें पडतो हें पाहण्याजोगें आहे.

सर्वांत मोठें कारण दाब. त्याच प्रयोगांत असें दिसलें कीं दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरनें उतरला तर रोग वाढण्याचा धोका सुमारें एक-दशांशानें घटतो. एक मिलिमीटर म्हणजे कांहींच नव्हे असें वाटतें. पण येथें त्याची किंमत एवढी आहे. 'ठीक दाब' म्हणून सर्वांस लागू पडणारा आंकडा मात्र नाहीं. २१ पर्यंतचा दाब सामान्य समजण्याची वहिवाट आहे. परंतु जपानांतील ताजिमी शहराच्या पाहणींत बहुतेक रोग्यांचा दाब या मर्यादेच्या आंतच आढळला. ज्याची दृष्टि आधींच पुष्कळ गेली आहे त्यास १२ किंवा १३ हा दाब हवा असेल, आणि ज्याचा रोग अगदीं आरंभींचा आहे त्यास १८ ही पुरेल. म्हणून तपासणीच्या वेळीं "दाब ठीक आहे ना?" असें विचारूं नये. "यांच्यासाठीं किती दाब हवा, आणि आज किती आहे?" असें विचारावें.

दाब दिवसभर एकसारखाही नसतो, आणि आपण मोजतों तो एका सकाळचा एक आंकडा. त्यांत मनुष्यस्वभावाची भर पडते. शाळातपासनीस येणार अशी बातमी लागली कीं वर्गांतील फळे पुसले जात, वह्या कव्हरें घालून तयार होत, आणि साहेब गेले कीं पुन्हां पूर्वस्थिति. हें मी चाकरींत अनेक वर्षें पाहिलें. काचबिंदूचे रोगीही तपासणीच्या आधीं चार दिवस थेंब नेमानें घालतात. दाब उत्तम भरतो. डॉक्टर समाधान पावतात. मधल्या तीन महिन्यांत काय झालें तें दृष्टितंतूसच ठाऊक.

दाब मोजण्यांतील आणखी एक खोंच आपल्या प्रांताशीं संबंधित आहे. बुबुळावरील पारदर्शक पडदा पातळ असेल तर दाबाचें माप खऱ्याहून कमी भरतें; आणि असा पातळ पडदा असणाऱ्यांचा रोग वाढण्याकडे अधिक झुकतो, असेंही स्वीडनच्या व अमेरिकेच्या अभ्यासांतून निघालें. नागपूरच्या बाजूच्या खेड्यांत २००६ ते २००९ या काळांत तिशीवरील ४,७११ लोकांचे डोळे तपासण्यांत आले. त्यांत या पडद्याची सरासरी जाडी सुमारें ५१४ मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् अधिक, भरली. पाश्चात्त्य लोकांत ती साधारणतः ५४० च्या पुढें असते. ही जाडी मोजण्यास दोन मिनिटें लागतात आणि ती आयुष्यांत एकदां मोजली तरी बहुधा पुरते. मोजली नसल्यास मोजून घ्यावी.

वय आणि प्रथम निदानाच्या वेळीं गेलेली दृष्टि, हीं दोन कारणें आपल्या हातांतलीं नाहींत. दोन्ही डोळ्यांत रोग असणें आणि तंतूच्या मुखाशीं बारीकसा रक्तस्राव दिसणें हीं सुद्धां रोग चालता असल्याचीं चिन्हें आहेत; तीं पाहणें नेत्रवैद्याचें काम.

ज्याविषयीं घरांत सहसा कोणी बोलत नाहीं असें एक कारण रक्तदाबाचें आहे. दृष्टितंतूस रक्त पोंचावयाचें तर रक्तदाब तें पुढें ढकलतो व डोळ्यांतील दाब त्यास अडवितो. या दोहोंतील अंतर फार कमी झालें म्हणजे तंतु उपाशी राहतो. रात्रीं झोपेंत रक्तदाब स्वभावतःच उतरतो, आणि आडवें झाल्यानें डोळ्यांतील दाब चढतो. मूळचे भारतीय व पुढें अमेरिकेंत आयोवा येथें काम केलेले डॉ. सोहनसिंग हयरेह यांनीं १९९४ सालीं या रात्रींच्या उतरत्या रक्तदाबाकडे नेत्रवैद्यांचें लक्ष वेधलें. आतां आपल्या घरांतील वडील माणसांचा विचार करा. साठीनंतर रक्तदाबाची गोळी बहुतेकांच्या मागें लागलेली. कित्येकजण ती निजतांना घेतात. ज्यांस काचबिंदु नाहीं त्यांस त्याचें कांहीं नाहीं. ज्यांस आहे त्यांच्या बाबतींत ती गोळी केव्हां घ्यावी हें दोन्ही डॉक्टरांनीं मिळून ठरविणें इष्ट. परंतु दोन्ही डॉक्टर एकमेकांस ओळखत नसतात, आणि रोगी एकाची चिठ्ठी दुसऱ्यास दाखवीत नाहीं. गोळी आपण होऊन बंद मात्र कदापि करूं नये. दृष्टि राखतां राखतां पक्षाघात ओढवून घेण्यांत शहाणपण नाहीं. तसेंच, डोळ्यांत घालावयाच्या टिमोलॉलसारख्या थेंबांचा परिणाम नाडीवर व श्वासावरही होतो. दमा असलेल्या किंवा नाडी मंद असलेल्या माणसानें ही गोष्ट नेत्रवैद्यास न विचारतां सांगावी. "डोळ्याच्या डॉक्टरांस दम्याशीं काय कर्तव्य?" ही समजूत महागांत पडते.

आतां आमच्याकडील एका अनर्थाविषयीं. हा जिल्हा हळदीचा. हंगामांत हळद शिजविणें, वाळविणें, साल काढून चकचकीत करणें चालतें तेव्हां धूळ उडते, डोळे चुरचुरतात, लाल होतात. दुकानांत जाऊन "डोळ्याचे थेंब द्या" म्हटलें कीं पुष्कळदां जी कुपी हातीं पडते तींत स्टेरॉइड असतें. आराम असा पडतो कीं जणूं जादूच. आमच्या परिचयांतील एका तिशीच्या तरुणानें असे थेंब दोन वर्षें वापरले; खाज सुटली कीं थेंब, असा परिपाठ. मोटारसायकल चालवितांना बाजूनें येणारीं माणसें दिसेनाशीं झालीं तेव्हां तो नांदेडास गेला. दोन्ही डोळ्यांतील दाब फार चढलेला होता. थेंब बंद करून दाब उतरविण्यांत आला. गेलेली दृष्टि परत आली नाहीं. स्टेरॉइडनें सामान्य माणसांपैकीं सुमारें एक-तृतीयांशांचा दाब कमी-अधिक चढतो. ज्यांस मूळचाच काचबिंदु आहे त्यांच्यांत असें होणारे त्याहून कितीतरी अधिक. कुपीवरील बारीक अक्षरांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असा शब्द आहे काय, तें घरांतील शिकलेल्या मुलांनीं पाहावें. हीं औषधें वाईट नव्हेत. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर स्वतः तीं देतात. तीं चिठ्ठीवांचून व महिनोगणती वापरणें वाईट. दम्याचा फवारा किंवा संधिवाताच्या गोळ्या यांतही हीं द्रव्यें असूं शकतात. तीं थांबवूं नयेत, पण नेत्रवैद्यांस सांगावीं.

आपल्या वर्गांतील घरांत चालणाऱ्या दोन चांगल्या संवयींविषयीं लिहिणें भाग आहे. कित्येकांस तें रुचणार नाहीं. एक शीर्षासन. चेन्नईच्या नेत्रवैद्यांनीं २००६ सालीं ७५ योगाभ्यासी लोकांचा दाब शीर्षासनांत मोजून पाहिला. तो सरसकट सुमारें दुप्पट झालेला आढळला. निरोगी डोळा हें सोसतो. काचबिंदूच्या डोळ्यास ही रोजची दुप्पट कशास? सर्वांगासनादि डोकें खालीं करणाऱ्या आसनांविषयींही तीच सावधगिरी. दुसरी संवय उषःपानाची. तांब्याभर पाणी एका दमांत पिण्यानें डोळ्यांतील दाब कांहीं वेळ चढतो. पूर्वीं नेत्रवैद्य याच युक्तीनें दाबाची परीक्षा घेत असत. तेंच पाणी पाऊण तासांत घोटघोट प्यावें. फिरावयास जाणें उत्तमच. शांतपणें बसून ध्यान केल्यानें दाब उतरल्याचें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील वैद्यांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलें. पण तें थेंबांच्या जोडीला होतें, थेंबांच्या ऐवजीं नव्हे.

थेंबांविषयीं आणखी थोडें लिहितों, कारण घरच्यांचा खरा हात लागतो तो येथेंच. म्हाताऱ्या माणसाचा हात कांपतो, थेंब गालावर पडतो, आणि "घातलें" असें सांगितलें जातें. दुसऱ्यानें घालावे हें बरें. खालची पापणी हलकेंच ओढून तेथें एकच थेंब सोडावा. दोन सोडल्यानें दुप्पट गुण येत नाहीं, कुपी मात्र लौकर संपते. मग डोळा मिटून नाकालगतचा कोपरा बोटानें दोन-तीन मिनिटें दाबून धरावा, म्हणजे औषध नाकावाटें घशांत न उतरतां डोळ्यांतच राहतें. दुसरें औषध असल्यास मध्यें पांच मिनिटें जाऊं द्यावींत. रात्रींचा थेंब दिवेलागणीशीं किंवा निजण्याच्या वेळेशीं बांधून टाकावा. एकादशीस किंवा श्रावणी सोमवारीं थेंब चुकविणारीं माणसें मला भेटलीं आहेत. व्रतभंग न करणाऱ्या ज्या आठ गोष्टी धर्मशास्त्रांत सांगितल्या आहेत त्यांत औषधाची स्पष्ट गणना आहे. तेव्हां शास्त्राची आड काढण्याचें प्रयोजन नाहीं. मुलीकडे, लग्नास, पंढरीस जातांना कुपी बरोबर असावी. आणि औषध महाग पडत असल्यास तें डॉक्टरांस सांगावें, स्वस्त पर्याय बहुधा निघतो. पैशांसाठीं एक दिवसाआड थेंब घालणारे लोक संकोचानें गप्प राहतात व दृष्टि घालवून बसतात.

एक वही करावी. तारीख, दोन्ही डोळ्यांचा दाब, औषधाचें नांव, एवढें पुरे. दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचे जे कागद मिळतात ते क्रमानें लावून ठेवावेत. रोग चालतो आहे कीं थांबला आहे हें एका कागदावरून कळत नाहीं, चार-पांच कागद एकापुढें एक ठेविले म्हणजे कळतें. डॉक्टर बदलतांना तर हीच पुंजी. पत्र लिहिणाऱ्या सुनेच्या घरीं पांच वर्षांचे असे कागद असतील, तर दाब 'ठीक' असूनही नजर कां जाते याचें उत्तर डॉक्टरांस त्यांतूनच काढतां येईल: दाब आणखी उतरवावा कीं लेझर किंवा शस्त्रक्रियेकडे वळावें, कीं नजर ओसरण्याचें कारण मोतीबिंदूच आहे. हेंही शक्य असतें, आणि तसें निघालें तर ती आनंदाची बातमी.

आणखी एक नाजूक गोष्ट. हा रोग रक्ताच्या नात्यांत उतरतो. रोग्याच्या सख्ख्या भावंडांस व मुलांस तो होण्याचा संभव इतरांहून कैक पटींनीं अधिक. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेनें आंध्र प्रदेशांत १९९६ ते २००० या काळांत घरोघरीं जी पाहणी केली तींत, ज्यांस हा रोग होता त्यांपैकीं शंभरांतील नव्वदांहून अधिकांस त्याची वार्ताही नव्हती. असें असतां आपल्या घरांत वडिलांचा काचबिंदु झांकून ठेवण्याची रीत आहे. मुलीचें स्थळ बघावयाचें आहे, बोभाटा नको. परिणाम असा कीं चुलत्यास ठाऊक नाहीं, आत्यास ठाऊक नाहीं, आणि चाळिशी उलटलेला धाकटा भाऊ चष्म्याच्या दुकानांत नंबर काढून समाधान मानतो. नंबर काढणें म्हणजे काचबिंदूची तपासणी नव्हे. ज्या घरीं हा रोग आहे तेथील चाळिशीवरच्या सर्वांनीं एकदां दाब व दृष्टितंतु पाहून घ्यावा, आणि डॉक्टर सांगतील त्या अंतरानें पुन्हां. सोयरीक मोडेल ही भीति मला अतिशयोक्तीची वाटते. लौकर सांपडलेल्या काचबिंदूचा मनुष्य बहुधा जन्मभर कमावता राहतो.

आरंभीं सांगितलेला ठणकणारा प्रकार विसरतां कामा नये. संध्याकाळीं अंधार पडतां पडतां एकाएकीं डोळा लाल होणें, दिव्याभोंवतीं इंद्रधनुष्यासारखीं कडीं दिसणें, डोकें फुटल्यागत दुखणें व उलट्या होणें, यास घरांत 'पित्त' किंवा 'अर्धशिशी' म्हणून सुंठीचा लेप दिला जातो. त्या रात्रींच गाडी करून नेत्ररुग्णालय गांठावें. सकाळची वाट पाहूं नये.

सुनेच्या पत्राच्या शेवटीं एक ओळ आहे. सासरे पूर्वीं रोज ज्ञानेश्वरी वाचीत. डोळ्यांस ताण पडून रोग वाढेल या धास्तीनें त्यांनीं वर्षापासून पोथी उघडलेली नाहीं. वाचण्यानें काचबिंदु वाढत नाहीं. दूरदर्शन पाहण्यानें वाढत नाहीं, शिवणकाम, मोडी कागद लावणें, कशानेंही नाहीं. दिवा डाव्या बाजूनें व जरा प्रखर असावा, अक्षर मोठें असावें, आणि ओळ चुकते असें वाटल्यास ओळीखालीं जाड कागदाची पट्टी धरावी. मामंजींना पोथी काढून द्यावी.